किकवर होणारी गाडी

पहिला फटका कोणाचा होता ते भूपेशला दिसलं नाही. तो दुकानासमोर उकिडवा बसून एका गाडीचा ब्रेक सोडवत होता. पाठीत बांबू बसला, तो पुढे कोलमडला, आणि दुसरा फटका कानशिलावर आला तेव्हा त्याचं तोंड चाकाच्या आऱ्यांवर आपटलं. समोरचा दात ओठात घुसला. उठून पाहिलं तर गावातल्या माणसांचा घोळका. सगळ्यांचे कपडे ओले, केसांतून पाणी गळत होतं. वैनगंगेच्या काठावर सरण पेटवून, आंघोळ करून ती माणसं घरी न जाता सरळ फाट्यावर आली होती. त्यांच्या मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक काळी मोटरसायकल आडवी पडलेली होती. सीटवर रक्त वाळून तडकलं होतं.

गाडी त्यानं लगेच ओळखली. मुखरूची. मागच्याच आठवड्यात त्यानं तिची सगळी वायरिंग बदलली होती.

"उतरवा," घोळक्यातला म्हातारा म्हणाला. तो मुखरूचा बाप, लटारू. गावच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. मुखरूला मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी बापानंच दिला होता. त्याच्या उजव्या हातावरचे केस जळून वाकडे झाले होते.

गाडी उतरवून दुकानासमोर डबल स्टँडवर लावली. लटारूच्या धाकट्या पोरानं, निकेशनं, भूपेशची मानगूट धरून त्याला गाडीपाशी बसवलं. निकेश लंगडत होता. त्याच्या उजव्या पायाच्या नडगीवर फडकं बांधलं होतं.

हा फाटा चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला आहे. पुढे पूल, पुलापलीकडे गडचिरोली. फाट्यावर एक पंक्चरवाला, शकुबाईची चहाची टपरी आणि भूपेशचं पत्र्याचं दुकान, एवढंच. भूपेश इथल्याच एका ढीवराच्या घरातला. बाप तलावात जाळं टाकायचा, आई पाटीत मासोळ्या घेऊन गावोगाव फिरायची. भूपेश वयात आल्यावर राजुऱ्याला गेला आणि कोळशाच्या टिप्परचं इलेक्ट्रिकचं काम शिकला. तिथला उस्ताद चुकीची वायर जोडली की रबरी पाइपनं पाठ सोलायचा. भूपेशच्या पाठीवर ते वळ अजून आहेत. काम पक्कं शिकून तो फाट्यावर परत आला. येताना उस्तादाचा हातही सोबत घेऊन आला. गिऱ्हाईक वाकडं बोललं की भूपेश मारायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं एका माणसाला, चोर म्हणाला म्हणून, टायर काढायची पट्टी फेकून मारली होती. त्या माणसाला डाव्या कानानं अजून ऐकू येत नाही.

म्हणून आज शकुबाई टपरीतून हलली नाही.

"शकुबाई, पोलिसले फोन लाव ना!" भूपेश तोंडातलं रक्त थुंकत ओरडला.

"तू लोकायले मारतं तवा कोन येते मधात?" ती म्हणाली. पण तिनं स्टोव्ह बंद केला आणि ग्लास आत घेतले.

आदल्या दिवशी सकाळी काय झालं ते लटारूनंच सांगितलं. तो सांगत असताना कोणीही मारलं नाही.

मुखरू घरामागच्या बांधीत धानाला पाणी फिरवायला गेला होता. धुऱ्यावरच्या गवतातून रानडुक्कर निघालं. ते पळून गेलं नाही, वळून आलं. सुळा मांडीत आत शिरला आणि वर ओढला गेला. ओरडा ऐकून माणसं धावली, त्याला खाटेवर घालून अंगणात आणलं. मांडीतून रक्त उडत होतं. बायकोनं लुगडं फाडून बांधलं, ते भिजलं, दुसरं बांधलं, तेही भिजलं. अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, येतो, पण दुसऱ्या पेशंटला सोडून. मोटरसायकलवर मधे बसवून नेलं असतं तर पूल ओलांडला की दवाखाना. गावातल्या बाकीच्या गाड्या बाजाराला गेल्या होत्या. एक तेवढी पलीकडच्या टोलीवर, लांबच्या वस्तीत होती, पोचूची.

"आमी पोचूची गाडी आनाले पोट्टं धाडत होतो," लटारू म्हणाला. "दारात नवी गाडी उभी. मुखरूले सीटवर बसवला, सेल्फ मारला, टक टक वाजली आन् बंद. निकेशनं किक मारली. मारतच राह्यला. किकचा दांडा उलटा येऊन पाय फुटला त्याचा. गाडी नाई झाली. माहं पोरगं अंगनात खाली झालं, भूपेश. बकऱ्यासारखं."

"काका, मी गाडी चालू करून देल्ली होती. मुखरूभाऊ स्वतः चालवत घेऊन गेले."

निकेशनं त्याच्या बरगडीत लाथ घातली. फुटक्या पायानंच घातली आणि स्वतःच कळवळून मागे सरला. "बोलू नको! तुह्या वायरिंगनं मारलं माह्या भावाले!"

लटारूनं हात वर केला तसा तो थांबला. म्हातारा गाडीजवळ गेला. गाडीच्या चेन कव्हरचे स्क्रू त्यानं स्वतः पाना घेऊन काढले आणि पत्रा बाजूला भिरकावला. चेन आणि मागची चक्री उघडी पडली.

"पाह्य," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "गाडीले काय झालं ते तू सोधून काढ. आमच्या समोर. ज्या हातानं ही गाडी बंद पडली, तो हात मी या चेनीत देईन. तुहा असन तं तुहा."

"आन् माहा नसन तं?"

"तं ज्याचा असन त्याचा. मी सरनावर हात ठेवून बोललो आहो."

भूपेशनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याच्या घरात कमावणारा तेवढाच एक हात होता.

त्यानं चावी फिरवली. मीटरमधला दिवा पेटला, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज आला. टाकीतला पेट्रोलचा पंप चावी फिरवल्यावर गुणगुणतो, तो गप्प होता.

"बॅटरी बसली आहे," भूपेश म्हणाला.

"ते आमाले बी समजते," पोचू म्हणाला. पोचू टोलीवरचा, लटारूच्या साडूचा पोरगा. त्याच्याच ट्रॅक्टरवर गाडी आली होती आणि मागोमाग त्याची स्वतःची मोटरसायकल कोणीतरी चालवत आणली होती. "बॅटरी बसली तं किकवर काऊन नाई झाली? किकले बॅटरी कायले लागते?"

"जुन्या गाडीले नाई लागत. हिले लागते. हिच्यात पेट्रोल पंपानं येते, कार्बोरेटर नाई. करंट नाई तं पंप नाई, पंप नाई तं पेट्रोल नाई. मंग दिवसभर किक मार."

निकेशच्या हातातला बांबू खाली टेकला, पुन्हा उचलला गेला.

"तुही बॅटरी काढ, पोचूभाऊ."

"माह्या गाडीची कायले? माही गाडी चांगली आहे."

"चांगली आहे म्हनूनच पाह्यजे."

पोचूनं शिव्या देत स्वतःच्या गाडीची बाजूची पेटी उघडली. भूपेशनं ती बॅटरी काढून हातात घेतली आणि मुखरूच्या गाडीचं झाकण उघडायला वाकला. तेवढ्यात निकेशचा बांबू त्याच्या मनगटावर आला. हाड तुटलं नाही, पण बोटं मिटेनात. पोचूची बॅटरी मातीत पडली.

"झाकन काऊन उघडतं बे? आत काईतरी करशीन आन् म्हनशीन बरोबर होतं!"

"बॅटरी बदलाले झाकन उघडा लागते, भोकाच्या!"

"निकेश," लटारू म्हणाला. "सर मागे."

निकेश पाऊलभर मागे सरला. भूपेशनं डाव्या हातानं झाकण काढलं.

वायरिंग त्यानं जशी बसवली होती तशीच होती. प्लास्टिकच्या पट्ट्या तो वापरत नाही, उन्हानं तडकतात. वायरींचे झुबके तो जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं बांधतो, बापाकडून शिकलेल्या गाठीनं. त्या सगळ्या गाठी जागच्या जागी होत्या. बॅटरीही त्यानं त्याच दोऱ्यानं आवळली होती. तिथे मात्र दोरा नव्हता. बॅटरीवरून सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी ओढून तिचं टोक खाली खोचून दिलं होतं.

त्यानं ट्यूबची पट्टी सोडवली. जुनी बॅटरी काढून दुकानाच्या पायरीवर ठेवली, पोचूची बसवली आणि सेल्फ दाबला.

गाडी पहिल्या दमात चालू झाली. तो आवाज ऐकून घोळका अंगावर आला. ज्याच्यासाठी काल अंगणात माणूस मेला तो आवाज इतका सोपा होता. कोणीतरी भूपेशच्या डोक्यात चप्पल मारली, दुसऱ्यानं केस धरून त्याचं डोकं टाकीवर आपटलं. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं.

"म्हंजे तुह्या वायरिंगनंच बॅटरी पिली!" पोचू ओरडला. "चांगली होती, तुवा वायरिंग केली आन् बसली! काका, द्या हात चेनीत याचा!"

तिघांनी भूपेशला मागच्या चाकापाशी ओढलं. पोचूनं गिअर टाकला. स्टँडवरचं चाक हवेत गरगरायला लागलं, उघडी चेन चक्रीवर खळखळत धावायला लागली. लटारूनं भूपेशचा उजवा हात धरला. म्हाताऱ्याच्या पकडीत आयुष्यभर जाळी ओढल्याचं बळ होतं. चेनीचं तेल बोटांवर उडत होतं.

"पिली का नाई ते दाखवतो!" भूपेश किंचाळला. "वायरिंग बॅटरी पिऊन राह्यली का ते दिसते! डोळ्यानं दिसते, काका! बल्बवर दिसते! मंग टाक हात!"

लटारू थांबला. "दाखव."

गाडी बंद केली. भूपेशला नीट उभं राहता येत नव्हतं. त्यानं दुकानातून दोन वायरी जोडलेला लहानसा बल्ब आणला. बॅटरीची एक तार सोडवली आणि तार आणि बॅटरी यांच्यामध्ये बल्ब लावला.

"चावी बंद आहे. वायरिंग कुठी चोरून करंट पीत असन, तं तो या बल्बातूनच जाईन. दुसरा रस्ताच नाई. मंग बल्ब पेटन. पाहा."

डोकी वाकली. बल्ब काळाच होता.

"बल्बच उडाला असन," पोचू म्हणाला.

भूपेशनं चावी फिरवली. बल्ब लख्ख पेटला. बंद केली, विझला. पुन्हा फिरवली, पेटला. पोचूनं स्वतः पुढे होऊन चावी बंद केली आणि बल्बजवळ नाक नेऊन पाहिलं.

"नाई पेटत," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला चढ उतरला होता.

"वायरिंग चांगली," लटारू म्हणाला. "मंग बॅटरी कोनं पिली?"

भूपेशनं बल्ब काढून तार परत जोडली आणि पायरीवरची जुनी बॅटरी उचलली. इतका वेळ त्यानं ती नीट पाहिली नव्हती. आता पाहिली आणि त्याला तिचं सगळं कळलं. शिशाच्या दोन्ही टोकांवर दातेरी चिमट्यांचे बारीक खड्डे होते, ओळीनं, ताजे, आत चकचकीत. बॅटरीच्या बुडाला चिखल होता आणि चिखलात एक मोठा खवला चिकटून वाळला होता. रोहूचा.

हे खड्डे त्याला ओळखावे लागले नाहीत, पाठ होते. पोरवयात त्यानंही हेच केलं होतं. गाडीची बॅटरी काढायची, तिला चिमट्यांनी इन्व्हर्टर लावायचा, वायरी बांबूला बांधून पाण्यात सोडायच्या. करंट लागला की मासे पांढरी पोटं वर करून येतात. रात्रीतून बोडी, म्हणजे गावचं तळं, साफ. सकाळी बॅटरी परत गाडीत. बसली तर बसली, गाडी किकवर होते. गावातल्या प्रत्येक जुन्या गाडीची बॅटरी अशी पाण्यावर जाऊन आली होती. एकदा पाण्यात वाकलेला भूपेशचा चुलतभाऊ मासोळीसारखाच उताणा वर आला, तेव्हापासून त्यानं ते सोडलं. गावानंही सोडलं होतं. सोसायटीनं बोडीत टाकलेलं मत्स्यबीज मरतं म्हणून लटारूनं गेल्या साली बंदी घातली होती आणि एकाला करंट लावताना धरून भर बोडीवर वल्ह्यानं झोडपलं होतं.

भूपेशनं मान वर केली. निकेश बॅटरीकडे पाहत नव्हता. तो स्वतःच्या नडगीवरच्या फडक्याकडे पाहत होता.

बोलायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. भूपेशनं फार विचार केला असं म्हणता येणार नाही. त्याच्या बोटांवर चेनीचं तेल होतं.

"करंट लावला हिले," तो म्हणाला. त्यानं बॅटरी लटारूच्या हातात दिली. "चिमट्याचे दात पाहा. बुडाशी खवला आहे. माहा दोरा कापून ट्यूब बांधली. मी बांधलेली गाठ तुमाले ठावं आहे."

लटारूनं अंगठ्यानं खड्डे चाचपले. खवला नखानं उचकटला, उजेडात धरला. मग बॅटरी अलगद खाली ठेवली. गाडी मुखरूच्या घरात होती, आणि मुखरू करंट लावत नव्हता. घरात लटारूखेरीज दुसरा पुरुष एकच.

"बा," निकेश म्हणाला.

"परवा राती कुठी होता तू?"

"बा, जुनी होत होती ना." त्याचा आवाज पोरासारखा झाला. "आपली जुनी गाडी होत होती ना किकवर. कितीदा काढली बॅटरी, कधी बंद पडली का? मले वाटलं, हे बी होईन. एका किकमंधी होईन. म्हनून मारत होतो. तुमाले म्हनलं ना मी, थांबा, होते."

तो काय बोलला ते त्याला स्वतःलाही नंतर कळलं असावं. काल अंगणात पोचूची गाडी आणायला निघालेल्या पोराला दारातून त्यानंच परत बोलावलं होतं. थांबा, होते. घोळक्यातल्या बऱ्याच जणांनी ते ऐकलं होतं.

निकेशनं बांबू टाकला आणि पळाला. फुटका पाय, चार पावलांत पोचूनं त्याला पाडलं. मग जे भूपेशला मारत होते तेच त्याला मारायला लागले, जास्त जोरानं, कारण आता ते घरातलं होतं. पाठीवर, तोंडावर, पडलेल्या बांबूनंच. त्याच्या नडगीवरचं फडकं सुटलं. शकुबाई टपरीतून ओरडली, "अरे, एकाच घरातून दोन खाटा काढता का!" कोणी ऐकलं नाही.

लटारूनं गाडी चालू केली. गिअर टाकला. चाक फिरायला लागलं.

"आना त्याले."

"काका, बस झालं," पोचू म्हणाला. मघाशी भूपेशचा हात चेनीत द्या म्हणून ओरडणारा तोच.

"मी बोललो आहो."

म्हाताऱ्यानं पोराला दंडाला धरून स्वतःच ओढत आणलं. निकेशनं बापाच्या मनगटाचा चावा घेतला, रक्त निघालं, पकड सुटली नाही. भूपेश हँडलच्या बाजूला उभा होता. चावी त्याच्या हातापासून वीतभर होती. ती फिरवली की सगळं थांबणार हे तिथल्या कोणाहीपेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. त्याच्या भुवईतून रक्त गळत होतं. ज्यानं ती फोडायला लावली त्याचा हात चेनीकडे चालला होता, आणि भूपेश पाहत होता.

त्यानं चावी फिरवली, पण आवाज आल्यानंतर. ओल्या उसाच्या कांडीसारखा आवाज. निकेशची दोन बोटं चक्रीच्या दात्यांत गेली आणि चाक अडकून थांबलं. निकेश आधी ओरडला नाही. त्यानं हाताकडे पाहिलं, मग ओरडला.

लटारू खाली बसला. ज्या हातानं पोराला ओढलं तो हात त्यानं मातीत टेकवला आणि तसाच ठेवला.

चाक उलटं फिरवून हात सोडवावा लागला, ते भूपेशनंच केलं. खिशातला जाळ्याचा दोरा काढून त्यानं निकेशच्या मनगटाला फास दिला, पाना घालून पिरगळला, गाठ मारली. रक्त मंदावलं. एक बोट कातड्यावर लोंबत होतं, दुसरं चेनीत राहिलं होतं. ते त्यानं काढून शकुबाईकडून आणलेल्या धुतल्या फडक्यात गुंडाळलं.

"गाडीवर बसवा," तो म्हणाला. "मधात. काका, तुमी मागे बसा. धरून ठेवा त्याले."

"माही बॅटरी..." पोचू म्हणाला, आणि निकेशला उचलायला पुढे झाला.

सेल्फ दाबला, गाडी लागली. मुखरूचं रक्त वाळलेल्या सीटवर त्याचा भाऊ बसला आणि मागे बाप. भूपेशला उजवा डोळा उघडता येत नव्हता, मनगट सुजलं होतं, अॅक्सिलरेटर तो तळहातानं दाबून फिरवत होता. पुलावर निकेशचं डोकं त्याच्या खांद्यावर पडलं. मागून लटारूचा आवाज येत होता. तो पोराचं नाव घेत होता. कोणत्या पोराचं, ते वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हतं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं. लटारू म्हणाला, चेनीत हात गेला. डॉक्टरनं भूपेशच्या तोंडाकडे पाहिलं. "आणि हे?" भूपेश म्हणाला, पडलो.

लोंबतं बोट जोडलं गेलं. दुसरं गेलं. निकेश आता डाव्या हातानं जाळं टाकतो. भूपेशचं दुकान फाट्यावर आहे, आणि त्या दिवसानंतर त्यानं कोणावर हात उचललेला शकुबाईनं पाहिलेला नाही. चावीबद्दल तो कोणाशी बोलत नाही.

त्या दिवशी मात्र निकेशला आत नेल्यावर तो बाहेर येऊन गाडीवर बसला. गाडी तशीच चालू होती. फाटकावरचा चौकीदार ओरडला, "ओ भाऊ, बंद करा ना गाडी! पेट्रोल फुकटचं आहे का?"

"राहू दे," भूपेश म्हणाला, आणि लटारू बाहेर येईपर्यंत त्यानं ती बंद केली नाही.